चार अश्वशक्तीचा एकांत

एकांत हवा असेल तर गाडी मोठी लागते. वीस अश्वशक्तीची बुलेट, हातमोजे, गुडघ्यांना पट्टे आणि काळ्या काचेचं हेल्मेट अशा थाटात माणूस गावातून गेला, की गाव बाजूला सरतं. पोरं दारात येतात, कुत्री थोडं अंतर राखून भुंकतात, पण त्याला हटकावं असं कुणाच्या मनात येत नाही. त्याचा एकांत शाबूत राहतो आणि पुढं तो त्याचे फोटोही काढतो.

मोपेडवाल्याचं तसं नाही. चार-साडेचार अश्वशक्तीत माणूस जेमतेम सायकलवाल्याच्या वर येतो, आणि सायकलवाल्याला हटकायचा हक्क आपल्याकडं जन्मजात आहे. शिवाय चढाला मोपेडचा वेग असा असतो की बांधावरचा माणूस उठून, सोबत चार पावलं चालत, ‘कुठनं आला, कुणाकडं निघाला, काय काम काढलं’ एवढं सगळं विचारून आणि उत्तरं नीट ऐकून घेऊन परत बांधावर जाऊन बसू शकतो. कऱ्हाडहून चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडं मी एकटा, मोपेडवर, तंबू घेऊन निघालो, तेव्हा यातला ‘एकटा’ हा भाग फक्त आमच्या घराच्या फाटकापर्यंत टिकणार आहे, हे मला नाही तरी मोपेडला ठाऊक असावं.

फाटकाच्या आतही तो फारसा नव्हता. “तंबूतच झोपायचंय ना? मग गच्चीवर लावा, मी खालून चहा पाठवते,” असा व्यवहारी तोडगा बायकोनं काढला होता. गच्चीवरून डोंगर दिसत नाही म्हटल्यावर, डोळे मिटल्यावर चांदोलीतही दिसणार नाही, असं ती म्हणाली. एवढं बोलून तिनं शेंगदाण्याची चटणी, दशम्या, विजेरी, दोरी, कानटोपी आणि आजेसासऱ्यांचं घोंगडं बांधून दिलं. विरोध आणि बांधाबांध ही दोन्ही कामं एकाच वेळी करण्याची हातोटी आमच्या घरात फक्त तिच्याकडं आहे.

मोपेड हे आपल्याकडं हौसेचं वाहन कधी नव्हतंच. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं लुना आणली, ती इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या मोपेडवरून. पन्नास सीसीचं इंजिन, आणि ते रुसलं तर मारायला पायडल. १९८० साली होसूरहून टीव्हीएस फिफ्टी आली, दोघांनी बसायची. मध्यमवर्गानं या गाड्यांवर अख्खे संसार वाहिले. पुढं पोरगं उभं, मागं बायको, तिच्या मांडीवर दळणाचा डबा, आणि उताराला इंजिन बंद करून वाचवलेलं चमचाभर पेट्रोल. मग मध्यमवर्ग स्कूटरवर गेला, तिथून चारचाकीत गेला, आणि मोपेड उरली दूधवाल्याकडं, भंगारवाल्याकडं, कोंबड्या उलट्या टांगून नेणाऱ्याकडं. आताच्या मोपेडचं इंजिन शंभर सीसीचं असतं, दोनाचे चार स्ट्रोक झालेत, पायडल केव्हाच गेलं. मागची सीट काढून तिथं पोतं ठेवायची सोय तेवढी राखली आहे, आणि पुढं, पाय ठेवायच्या जागेत, दुसरं पोतं मापात बसतं. ही गाडी बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माणूस नव्हता, पोतं होतं, असं मला कधी कधी वाटतं. मला तिचं हेच आवडतं. तिला ऐट करता येत नाही.

साहजिकच, मोपेडवर सामान दिसलं की लोक विचारतात, काय विकताय? उंडाळ्यात चहाला थांबलो, तर टपरीवाल्यानं तंबूची लांबट निळी पिशवी दोन्ही बाजूंनी न्याहाळली.

“छत्र्या का?”

“नाही.”

“फवाऱ्याच्या नळ्या?”

“तंबू आहे.”

त्याचा चेहरा उजळला. “मंडपवालं व्हय! मग कुणाकडं लगीन?”

मी कुणाकडंच नाही म्हणालो. जंगलाशेजारी तो लावून त्यात झोपणार आहे, असंही सांगितलं. त्यानं चहा गाळायचा थांबवला. “घरात काय झालंय का?” हे त्यानं इतक्या हळुवारपणे विचारलं की काहीतरी झालेलं असतं तर मी तिथंच सांगून मोकळा झालो असतो. चहाचे पैसे त्यानं घेतले, पण बिस्किटाचे नाही घेतले.

उंडाळ्याच्या पुढं रस्ता हळूहळू डोंगरांच्या कुशीत शिरतो. उसाचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कारखान्याकडं चालले होते, वर स्पीकर. रस्त्यावर मोपेडहून हळू जाणारी हीच एक जात, तेव्हा मागं टाकण्याचं सुख मिळालं तर यांच्याकडूनच. पण हे सुख स्वस्त नाही. पहिल्या ट्रॉलीच्या मागून निघून ट्रॅक्टरच्या तोंडापर्यंत पोचायला एक गाणं पुरत नाही. दुसऱ्याचं धृपद सुरू होतं. तेवढ्यात चालकाची आणि आपली ओळख झालेली असते. एकानं तर चालत्या ट्रॅक्टरवरून उसाचं कांडं दिलं आणि पुढच्या गावात माझा भाऊ भेटेल, त्याला डिझेल घेऊन यायला सांगा, असा निरोपही दिला. मी तो पोचवला. बुलेटवाल्याला असा निरोप कुणी देईल का?

या उसाबद्दल आणखी एक सांगायला हवं. चांदोलीला चाललोय म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या लोकांनी बिबट्यापासून जपायला सांगितलं होतं. वास्तविक बिबट्या आमच्याकडंच जास्त. कऱ्हाड-शिराळ्याच्या उसात त्याच्या माद्या वितात, तोडणीच्या वेळी बछडी सापडतात, आणि वनखात्याची माणसं रात्रभर बसून ती आईच्या स्वाधीन करतात. उसात जन्मलेल्या बिबट्याला ऊस हेच जंगल वाटतं म्हणतात. तेव्हा सुरक्षिततेसाठी बिबट्यांच्या मुलखातून निघून जंगलाकडं जाणं शहाणपणाचं होतं, असंही म्हणता येईल.

शेडगेवाडीच्या फाट्यावर एका आजींनी हात केला. हात केला म्हणजे विनंती केली नाही. मी थांबेपर्यंत त्यांची पिशवी पुढच्या जागेत बसलीही होती, आणि पिशवीच्या मागोमाग त्या बसल्या. तंबू मांडीवर घेतला. कोकरूडपर्यंत त्यांनी मला त्यांच्या दोन्ही सुनांची तुलनात्मक माहिती दिली. धाकटीत दम आहे, एवढं माझंही मत झालं. कोकरूडला उतरताना “तुमचं पेट्रोल जळलं” म्हणून त्यांनी कनवटीचे वीस रुपये काढले. मी नको म्हटल्यावर पिशवीतली दोन केळी हातावर ठेवली आणि पोराला द्या म्हणाल्या. पोरगं पुण्यात नोकरीला असतं, हे सांगायला अवधी मिळाला नाही.

चरणहून एक म्हातारे बसले, आरळ्यापर्यंत. पांढरी टोपी, धोतर, पायांत टायरच्या चपला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मागून आवाज आला, “चांदुलीत कुणाकडं?”

कुणाकडं नाही, उद्यान बघायला, असं म्हणालो. जंगलाच्या कडेला तंबू लावीन. आत मुक्काम करू देत नाहीत, नाहीतर आतच राहिलो असतो. त्याचे काय पैसे पडले असते ते दिले असते.

“माजं गाव आत हुतं,” ते म्हणाले. मग एक वळण गेलं. “आमाला तितनं उटवाया सरकारनं पैसं दिलं. आन तुमी तितं निजाया पैसं द्याया निगालायसा?”

आवाजात राग नव्हता. हिशेब लागत नाही म्हणून विचारत होते. माझ्याकडंही तो लागत नव्हता. १९८५ साली चांदोलीचं अभयारण्य झालं, खाली वारणेवर मातीचं धरण, चौतीस टीएमसीचं वसंतसागर. २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. आतली गावं एकेक करत उठली आणि वसाहतींत येऊन बसली. हे सगळं मला वाचून माहीत होतं. पाठीमागं बसलेलं नव्हतं. आत काय पिकायचं, असं मी विचारलं.

“नाचणी. वरी. फणस. आन पाऊस.” पाऊस त्यांनी पिकांतच धरला. ते बरोबरच आहे. वारणा उगम पावते त्या पाथरपुंजच्या बाजूला इतका पाऊस पडतो की त्याचे आकडे दर पावसाळ्यात पेपरात येतात. “जूनला दार लावलं की दसऱ्याला उगडायचं. चूल इजू द्यायची न्हाई. मानूस कुजायचा.” थोडं थांबून, “लई ब्येस हुतं.”

आरळ्यात उतरल्यावर त्यांनी मोपेडच्या सीटवर हात फिरवला आणि आमच्या फणसाला अजून धरतंय का तेवढं बघून या, असं सांगून गेले. फणस कुठला, गाव कुठलं, त्याची खूण काय, काही नाही. त्यांच्या मते ‘आमचा फणस’ एवढा पत्ता पुरेसा होता.

वारणावतीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. साठेक किलोमीटरला दिवस लागला होता, पण त्यातला रस्त्यावर गेलेला वेळ थोडा आणि माणसांत गेलेला जास्त. वनखात्याच्या माणसानं नियम सांगितले: आत दुचाकी नाही, मुक्काम नाही, चूल तर नाहीच, उद्या सकाळी परवान्याची गाडी आणि गाईड घेऊन जायचं. मला हे नियम पटतात. डिसेंबरात सड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, त्याला एक काडी पुरते. साताऱ्यापासून रत्नागिरीपर्यंत चार जिल्ह्यांत पसरलेलं तीनशे सतरा चौरस किलोमीटरचं हे जंगल. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव आहे. तिथं मी चहा करायला स्टोव्ह पेटवला नाही तर वारशाचं काही अडत नाही. नियम सांगून झाल्यावर त्यानं स्वतःच चहा पाजला.

तंबू मग मणदूरच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या खळ्यात लावायचं ठरलं. परवानगी घरातल्या बापूंनी लगेच दिली. त्यांच्या आईनं दिली नाही. “दारात आलेला पावना भाईर निजणार? लोक काय म्हनतील? की ह्यांच्यात अंथरुण न्हवतं!” मी समजावलं की मी निजायलाच आलोय, पण बाहेर. त्या म्हणाल्या, बाहेर रात्री गवे येतात, दव पडतं, आणि तुमच्या घरी कळलं तर तुमची मालकीण आम्हाला काय म्हणेल? या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते बायकोच्या बाजूनं होतं.

तडजोड बापूंनीच सुचवली. या तंबूला मेखा लागतात का? लागत नाहीत, कांबींवर स्वतःचा उभा राहतो. मग झालं की! सोप्यात लावा.

तर तो सोप्यात लागला. वर कौलं, डाव्या हाताला भाताच्या पोत्यांची थप्पी, उजवीकडं दावणीची म्हैस, आणि मधोमध माझा निळा, जलरोधक, वाऱ्या-वादळाला टिकणारा तंबू. लावताना बघायला आसपासची दहा-बारा घरं आली होती. एकानं कापडाचा पोत तपासला. एकानं कितीला मिळाला विचारलं आणि तेवढ्यात पत्र्याचं खोपट होतं, असं कळवलं. पोरांनी आत जायला रांग लावली. चेन लावायची, आतून ‘कोण हाय?’ म्हणायचं, बाहेरच्यांनी ‘वाघ!’ म्हणायचं आणि चेन उघडायची. जेवणाच्या हाकेपर्यंत हाच खेळ. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं आणि नव्या तांदळाचा भात होता. माझी चटणी मी पुढं केली, ती संपली. बायकोला हे सांगितल्यावर तिनं कुठलाच शेरा दिला नाही, म्हणजे खूश झाली.

डोंगरभटक्या मराठी माणसाच्या सामानात तंबू तसा अलीकडचाच. आधीची पिढी देवळात, लेण्यात, नाहीतर वाडीवरच्या कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकायची. तंबूचा फायदा असा सांगतात की त्यानं आपण कुणावर अवलंबून राहत नाही. त्या रात्री तो तंबू माझ्या सासरच्या घोंगड्यावर, बापूंच्या सोप्यात, त्यांच्या आईच्या परवानगीनं उभा होता. आत थंडी अजिबात वाजली नाही. म्हैस रवंथ करत होती. मध्यरात्री लांब शाळवाच्या रानात सुतळी बॉम्ब वाजले, राखणीवरच्या पोरांचे आवाज आले. गवे उतरले होते. आजी अंधारातूनच म्हणाल्या, “बगा! आन ह्यांना खळ्यात निजायचं हुतं.”

सकाळी परवान्याच्या जीपमधून आत गेलो. जोडीला सांगलीचं एक कुटुंब होतं. त्यांना वाघ बघायचा होता. गाईडनं आधीच सांगून टाकलं की इथं वाघ दिसत नाही, त्याला आपण दिसतो. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून बरीच वर्षं या प्रकल्पात वाघ सोडून सगळं आहे, अशी थट्टा चालायची. २०१८ साली एक वाघ कॅमेऱ्यात आला, मग पुन्हा वाट बघणं. शेवटी २०२५च्या नोव्हेंबरात ताडोबाहून एक वाघीण गाडीत घालून इथं आणली. मला तिच्याबद्दल आपुलकी वाटते. तीही एकटी निघालेली. तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर, ती कुठं आहे ते दर घडीला कुणाला तरी कळणार; माझ्या खिशात फोन, ‘पोचलात का, जेवलात का, कानटोपी घातली का’. फरक एवढाच की मणदूरच्या अलीकडं माझी रेंज गेली, तिची जात नाही.

आम्हाला लांबवर गव्यांचा कळप दिसला, शेकरूचा आवाज ऐकू आला, अस्वलानं उकरलेलं वारूळ बघितलं. झोळंबीच्या सड्यावर काळ्या-तांबड्या जांभ्याचा उघडा पसारा, त्यावर वाळलेलं गवत, आणि कडेला कारवीची रानं. पावसाळ्यानंतर याच कातळावर बोटभर उंचीची फुलं गालिचा घालतात. डिसेंबरात तसलं काही नसतं. मला तो उघडा सडाच जास्त भावला. तो कुणासाठी नटलेला नव्हता. सांगलीची मुलगी मात्र ‘इथं काहीच नाहीये’ म्हणाली. तिचंही खरं होतं.

सड्याकडून परतताना झाडीत मध्येच आंब्याची झाडं दिसू लागली, रानआंबे नव्हेत, हातानं लावलेली. गाईड म्हणाला, “आंबा-फणस दिसला की समजायचं, इथं घर होतं.” चौथऱ्याचे दगड पालापाचोळ्यात बुडालेले, एका ठिकाणी पाटा उलटा पडलेला. फणस होते. एक नव्हे, बरेच. म्हाताऱ्यांचा कोणता, हे कसं कळावं? मी त्यातल्या त्यात थोराड असलेल्या एका झाडाखाली जीप थांबवायला लावली. खोडाला जुन्या फळांचे वाळलेले देठ चिकटलेले होते. धरतो का, म्हणून विचारलं. धरतो की, गाईड म्हणाला. उन्हाळ्यात वास सुटला की अस्वलं येतात. सांगलीकरांनी झाडाचा फोटो काढला. कशाचा काढला ते त्यांना माहीत नव्हतं, पण मी थांबवलं म्हणजे काहीतरी दुर्मीळ असणार, असा त्यांचा समज झाला.

दुपारी गुढे-पाचगणीच्या पठारावर गेलो. तिथं मोपेड चालते. चालते म्हणजे काय, ते चढावर समजलं. बापूंचा नववीतला मुलगा वाट दाखवायला मागं बसला होता. प्रत्येक चढाला तो न सांगता उतरायचा, पायवाटेनं वर जायचा आणि पुढच्या वळणावर कठड्यावर बसून माझी वाट बघायचा. एकदा त्यानं तेवढ्या वेळात करवंदीच्या काट्यानं पायातला काटा काढून घेतला. वर पोचलो तर पवनचक्क्या फिरत होत्या, आणि खाली डोंगरांच्या बोटांमधून वसंतसागरचं पाणी आत आत शिरलेलं. मुलगा म्हणाला, या पाण्याखाली आमच्या आजीचं माहेर आहे. हे त्यानं पवनचक्कीची उंची सांगितली त्याच सुरात सांगितलं आणि मोपेड एकदा चालवू का, म्हणून विचारलं. गाडी शंभर सीसीची. सोळाव्या वर्षी मिळतो तो परवाना पन्नास सीसीपुरता असतो आणि तुला अजून सोळाही नाहीत, हे मी त्याला कायद्याला धरून समजावलं. त्यानं ते ऐकून घेतलं. ट्रॅक्टर त्याला येत होता.

निघताना आजींनी पुढच्या जागेत नव्या तांदळाचं पोतं आणून ठेवलं. मला वाटलं, मला. मी नको-नको म्हणायला लागलो. “तुमाला न्हवं. लेकीला. मलकापुरात असती, तुमच्या वाटंवरच.” मलकापूर कऱ्हाडला चिकटून, महामार्गाला लागून, वाटेवर म्हणजे थोडी वाट वाकवून. मला त्यांनी शेरभर वेगळा बांधून दिला होता.

आरळ्यात चौकशी केली. पारावर म्हातारे बसलेलेच होते, त्यांना सांगितलं, फणसाला धरतंय. त्यांनी मान हलवली. “कुनीकडचा बगितला? वढ्याकडचा का देवळाकडचा?”

“देवळाकडचा,” मी म्हणालो.

“तो आमचा न्हवं. तो चुलत्यांचा.” आणि बाजूच्या माणसाकडं वळून, समाधानानं, “चुलत्यांच्याला धरतंय म्हनं. मंग आमच्याला धरतंयच.”

मलकापुरात लेकीचं घर सापडायला दिवेलागण झाली. पोतं ओळखून तिनं आधी आईला फोन लावला, पाहुण्याकडून ओझं वाहवलंस म्हणून ती आईवर रागावली, मग मला चहा टाकला. चहा होईस्तोवर तिची दोन पोरं मोपेडभोवती फिरत होती. निळी पिशवी त्यांनी सोडवून खाली घेतली होती.

“हे पण आजीनंच दिलंय?” थोरल्यानं विचारलं.

मी ‘नाही’ म्हणेपर्यंत कांबी बाहेर आल्या होत्या. धाकटा आत शिरला, त्यानं चेन लावून घेतली आणि आतून आवाज टाकला, “कोण हाय?” मला त्याला उत्तर द्यावंच लागलं.